आधी खुर्ची ठरवा, मग ॲडमिशन घ्या

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी चाकणचा एक क्वालिटी इंजिनिअर माझ्याकडे आला होता. वय ३४, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत दहा वर्षं नोकरी, हातात पगार ५२ हजार. चहा येईपर्यंतही त्याला धीर नव्हता. पिशवीतून दोन कागद काढून त्याने टीपॉयवर ठेवले. एक ऑनलाइन एमबीएचं माहितीपत्रक, दुसरा हप्त्यांचा तक्ता. तक्त्यातल्या २४ महिन्यांच्या ओळीखाली पेनने दोनदा रेघ मारलेली होती. "मॅडम, उद्या संध्याकाळपर्यंत पाच हजार भरून सीट ब्लॉक केली तर पंधरा टक्के सूट आहे. भरू का?"

मी विचारलं, "एमबीए झाल्यावर कुठल्या खुर्चीत बसायचंय तुला?"

तो म्हणाला, "मॅनेजमेंटमध्ये."

हे उत्तर मी गेली १९ वर्षं ऐकते आहे. पुणे-चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या कंपन्यांसाठी माणसं निवडणं हे माझं काम. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने एमबीए केलेल्यांचे शेकडो बायोडेटा या काळात माझ्या हाताखालून गेले. काहींना त्या पदवीने खरोखर हात दिला. पुष्कळांच्या बायोडेटात तिने एक ओळ तेवढी वाढवली, आणि त्या ओळीसाठी त्यांनी दोन वर्षांचे रविवार घालवले होते. दोघांच्या विद्यापीठांत फारसा फरक नव्हता. ज्यांचं जमलं त्यांना फी भरण्याआधीच ठाऊक होतं की आपल्याला कुठलं काम हवंय आणि तिथे पोचायला आपलं नेमकं काय अडतंय.

त्यामुळे 'ऑनलाइन एमबीए चांगलं का?' असं कुणी नुसतं विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. 'मला अमुक पदावर जायचंय, तिथे ते उपयोगी पडेल का?' असं विचारलं तर देता येतं. खरं तर ते उत्तर पंधरा दिवसांत तुमचं तुम्हालाच काढता येईल.

सुरुवात जाहिरातींपासून करा. नोकरीच्या पोर्टलवर जाऊन हव्या त्या पदाच्या, तुमच्या शहरातल्या, तुमच्या अनुभवाच्या वर्षांना जुळणाऱ्या वीस जाहिराती काढा. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: शिक्षण काय मागितलंय, अनुभव कशाचा मागितलाय, आणि कोणती साधनं यायला हवीत, म्हणजे सॅप, पॉवर बीआय, टॅली, जे असेल ते. प्रत्येक जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. 'एमबीए आवश्यक', 'एमबीए असल्यास प्राधान्य', 'फुल टाइम एमबीए' आणि 'कोणतीही पदवी' या चार वेगळ्या गोष्टी आहेत. 'फुल टाइम' हे दोन शब्द लिहिलेले असतील तर ते मनापासून लिहिलेले असतात असं धरून चाला. पोर्टलवर प्रोफाइल भरताना शिक्षणाच्या रकान्यात फुल टाइम, पार्ट टाइम की दूरशिक्षण हे तुम्हाला विचारलं जातं. माझ्यासारखं कुणी एका जागेसाठी चारशे नावं समोर घेऊन बसतं तेव्हा चाळणी तिथेच लागते. तुमचा बायोडेटा कुणी उघडूनही पाहिलेला नसतो. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते कंपन्यांना सांगतेही, पण तुमचा निर्णय आजच्या वस्तुस्थितीवर व्हायला हवा.

वीस जाहिराती वाचून झाल्या की त्या पदावर आज बसलेली तीन-चार माणसं गाठा. मित्राचा मित्र असेल, जुना सहकारी असेल, गावाकडचं कुणी असेल. त्यांना 'मी एमबीए करू का?' असं विचारू नका. शिक्षण घ्यायला आपल्याकडे कुणी नको म्हणत नाही, सगळे 'कर की' म्हणतील. त्याऐवजी विचारा, 'तुम्ही या कामात कसे आलात? पहिली संधी कुणी दिली? तुमच्या हाताखाली माणूस घेताना तुम्ही काय बघता?' या प्रश्नांची उत्तरं लोक मनापासून देतात, आणि त्यात पदवी किती वेळा येते ते तुम्हाला आपोआप दिसतं.

करिअर बदलणं म्हणजे काय, हेही जरा सुटं करून पाहायला हवं. कंपनी तीच आणि विभाग वेगळा, हा सगळ्यात सोपा बदल. तिथे लोक तुम्हाला ओळखतात आणि तुमचा शब्द पाळला जातो हे त्यांनी पाहिलेलं असतं. क्षेत्र तेच पण कंपनी आणि काम दोन्ही वेगळं, हा मधला. औषधनिर्मितीतला प्रॉडक्शन केमिस्ट दुसऱ्या औषध कंपनीत खरेदी विभागात जातो, तेव्हा कच्च्या मालाची जाण ही त्याची शिदोरी असते. क्षेत्र आणि काम दोन्ही एकदम बदलायचं, हा सगळ्यात अवघड. दहा वर्षं शॉप फ्लोअरवर काढून थेट बँकेच्या गुंतवणूक विभागात जायचं म्हटलं तर समोरच्याच्या दृष्टीने तुम्ही ३४ वर्षांचे फ्रेशर असता. पूर्णवेळ एमबीएचा मोठा उपयोग याच तिसऱ्या बदलाला होतो, कारण तिथे उन्हाळ्यातली इंटर्नशिप असते आणि कॅम्पसवर कंपन्या येतात. इंटर्नशिपचे दोन महिने म्हणजे नव्या क्षेत्राने तुम्हाला दिलेली पहिली संधी. ऑनलाइन अभ्यासक्रमात बहुतेक ठिकाणी हा पूल नसतो. माहितीपत्रकात 'प्लेसमेंट असिस्टन्स' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ विचारून घ्या. जाहिराती मेलवर पाठवणं, बायोडेटा दुरुस्त करून देणं आणि आभासी जॉब फेअर भरवणं एवढ्यालाही तेच नाव असतं. मागच्या बॅचमधल्या, तुमच्याएवढ्याच अनुभवाच्या आणि तुमच्याच क्षेत्रातून आलेल्या दोन विद्यार्थ्यांशी बोलायला मिळेल का, असं विचारा. त्यावर काय उत्तर येतं ते बघा.

मग ऑनलाइन एमबीए कुठे चालतं? माझ्या पाहण्यात ते चांगलं चालतं जिथे अडचण पदवीचीच असते. काही कंपन्यांत मॅनेजर श्रेणीसाठी पदव्युत्तर शिक्षणाची अट असते. काम तुम्ही आजही तेच करता, पण बढतीच्या यादीत नाव जात नाही. अशा वेळी एचआरकडून ते धोरण डोळ्यांनी बघा, ऑनलाइन पदवी चालते का ते मेलवर लिहून घ्या, आणि फीचा काही भाग कंपनी देते का हेही विचारा. देणाऱ्या कंपन्या आहेत. बदल्यात वर्ष-दोन वर्षं नोकरी न सोडण्याची अट घालतात, तेवढी वाचून सही करा. दुसरं, ज्यांचा पाया तांत्रिक आहे आणि आता पाच-सहा माणसांची टीम, बजेट, ग्राहकाशी बोलणी असं काम अंगावर आलंय, त्यांना ताळेबंद वाचता येणं आणि किंमत कशी ठरते हे कळणं यातून रोजच्या कामात फरक पडतो. शिकलेलं दुसऱ्या दिवशी वापरायला मिळतं, म्हणून ते टिकतं.

तिसरं उदाहरण एका शिक्षिकेचं सांगते. नाशिकच्या एका शाळेत ११ वर्षं गणित शिकवलेल्या या बाईंना कारखान्याच्या ट्रेनिंग विभागात यायचं होतं. नोकरी सांभाळून त्यांनी घरून मनुष्यबळाचं एमबीए केलं. नुसतं तेवढंच असतं तर मी त्यांना मुलाखतीला बोलावलं असतं आणि बहुधा तिथेच थांबले असते. पण त्या आल्या त्या एक प्लास्टिकची फाइल घेऊन. ओळखीच्या एका लघुउद्योजकाकडे दोन मे महिन्यांच्या सुट्टीत त्यांनी ॲप्रेंटिस मुलांना फुकट शिकवलं होतं. फाइलमध्ये व्हर्निअर कॅलिपरचं रीडिंग कसं घ्यायचं याचा मराठीतला दोन पानी पाठ होता. आकृती हाताने काढलेली, मुख्य स्केल निळ्या शाईत, व्हर्निअर स्केल लाल. खाली दहा रीडिंगं, आणि शेजारी कोणत्या मुलाचं काय चुकलं त्याची टिपणं. प्लांट हेडने तो कागद हातात घेतला आणि पाच मिनिटं खाली ठेवला नाही. चाळणीतून त्यांना एमबीएने बाहेर काढलं, नोकरी त्या दोन पानांनी मिळवून दिली. दोन्ही लागलं. म्हणून मी एमबीएला नाव ठेवत नाही, पण त्या दोन पानांशिवाय त्याचा हिशेब मांडू नका असं प्रत्येकाला सांगते.

कुठे चालत नाही तेही स्पष्ट सांगायला हवं. मोठ्या सल्लागार कंपन्या, गुंतवणूक बँकिंग, ग्राहकोपयोगी वस्तूंच्या बड्या कंपन्यांमधलं मॅनेजमेंट ट्रेनी पद, इथली भरती ठरावीक संस्थांच्या कॅम्पसवरून होते. ते स्वप्न असेल तर कॅट किंवा महाराष्ट्राची एमबीए सीईटी देऊन पूर्णवेळ जाण्याचा विचार करा, नाहीतर स्वप्नाची वाट बदला.

आणि काही खुर्च्यांना एमबीएपेक्षा वेगळीच किल्ली लागते. कारखान्यात कल्याण अधिकारी व्हायचं असेल तर राज्य सरकारने ठरवलेली पात्रता लागते. एचआरमधलं कुठलंही एमबीए त्यात बसेल असं गृहीत धरू नका, नियम आधी वाचा. म्युच्युअल फंड वितरक व्हायचं तर एनआयएसएमची ५-ए परीक्षा आणि मग ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेचा एआरएन हा नोंदणी क्रमांक, एवढी वाट आहे. प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये पीएमपी हे प्रमाणपत्र चालतं, पण त्याला आधी प्रकल्पांवर काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. विषय आवडतो की नाही हेच कळत नसेल तर 'स्वयम' किंवा एनपीटीईएलवर ऑपरेशन्स, सप्लाय चेन, फायनान्शिअल अकाउंटिंग असे आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम आहेत. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची तर फी हजार रुपयांच्या आसपास. आठ किंवा बारा आठवडे रोज रात्री तासभर बसवत असेल तर एमबीएही झेपेल. चौथ्या आठवड्यात सुटलं, तर दोन लाख वाचले.

आता मान्यतेबद्दल, कारण फसवणूक इथे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नियम २०२० मध्ये लागू केले. मान्यताप्राप्त विद्यापीठाने परवानगी घेऊन दिलेली ऑनलाइन पदवी ही वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या समकक्ष आहे, असं आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीरही केलं. 'परवानगी घेऊन' हे शब्द नीट वाचा. विद्यापीठ खरं असलं तरी त्या सत्रासाठी, त्याच अभ्यासक्रमाला, ऑनलाइन पद्धतीची परवानगी आहे का हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर बघावं लागतं. परवानग्या सत्रानुसार मिळतात आणि जातातही. २०२४ पासून प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. तो कसा काढायचा हे प्रवेशासाठी फोन करणाऱ्या काउन्सेलरला सांगता येत नसेल किंवा 'त्याची गरज नाही' असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या. विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम फ्रँचायझीने चालवता येत नाही. मध्ये ॲपवाली कंपनी असली तरी प्रवेश, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाचीच हवी आणि पावती विद्यापीठाच्या नावाची हवी. आयोगाची मान्यता नसलेल्या परदेशी विद्यापीठांच्या पदव्या एडटेक कंपन्यांमार्फत विकल्या जात आहेत, त्या ग्राह्य धरल्या जाणार नाहीत, असा इशारा आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे.

नावांचा गोंधळही मोठा आहे. पीजीडीएम ही पदविका, एमबीए ही पदवी. आयआयएमचा एक्झिक्युटिव्ह सर्टिफिकेट अभ्यासक्रम शिकायला उत्तम असू शकतो, पण तो आयआयएमचं एमबीए नव्हे. बायोडेटात तसं लिहिलेलं मी पाहिलं आहे, आणि पार्श्वभूमी तपासणीत तो उमेदवार बाद झाला. वाईट वाटलं, कारण कामाला तो चांगला होता. विद्यापीठाकडे पदवीपत्राचा नमुना मागा, त्यावर काय छापतात ते बघा, आणि तेच शब्द बायोडेटात लिहा.

पैशांकडे येऊ. बहुतेक खासगी विद्यापीठांच्या ऑनलाइन एमबीएची फी दीड ते अडीच लाखांच्या घरात असते. इग्नूचं एमबीए त्याच्या निम्म्याहून कमी खर्चात होतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचाही पर्याय बघावा. मुंबईत राहणाऱ्यांसाठी संध्याकाळच्या तीन वर्षांच्या मास्टर्स अभ्यासक्रमांची जुनी परंपरा आहे. जमनालाल बजाजसारख्या संस्थेत ऑफिस सुटल्यावर चर्चगेटला वर्गात बसून लोक मार्केटिंग, फायनान्स शिकले आणि बाजूच्या बाकावरच्या माणसाने त्यांना पुढची नोकरी दाखवली. मोठ्या आयआयएमच्या पूर्णवेळ दोन वर्षांची फी आता २० लाखांच्या पुढे आहे, वर दोन वर्षांचा पगार बुडतो. म्हणजे ऑनलाइन स्वस्त आहेच. पण स्वस्त आहे म्हणून घेतलेली आणि न वापरलेली वस्तू महागच पडते.

'नो कॉस्ट ईएमआय' हे बहुतेक वेळा तुमच्या नावावरचं कर्ज असतं. अभ्यास मध्येच सोडला तरी हप्ते थांबत नाहीत आणि चुकले तर सिबिल स्कोअर खाली येतो, पुढे घराच्या कर्जाला तो आडवा येतो. एकच प्रश्न विचारा: 'एकरकमी भरली तर किती?' ती रक्कम कमी असेल तर फरक म्हणजे व्याज. दोन लाख रुपये १२ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ९,४०० रुपये बसतो आणि एकूण २ लाख २६ हजारांच्या आसपास जातात. कर्ज देणाऱ्याने मुख्य अटींचं एक पत्रक द्यायला हवं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ते मागून घ्या. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळणारी करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत आहे, हेही सूट सांगणारा माणूस सांगत नाही.

वेळेचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. इग्नूच्या हिशेबाने एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार क्रेडिटचा विषय १२० तास. एका सहामाहीत असे पाच विषय असले तर ६०० तास, म्हणजे आठवड्याला साधारण २३. तिन्ही पाळ्यांत फिरणाऱ्या माणसाने, लहान मूल असलेल्या आईने हा आकडा भिंतीवर लावावा. लोक आठवड्याला पाच-सहा तास काढतात, असाइनमेंट कुणाकडून तरी उतरवतात, आणि पास होतात. मग मुलाखतीत मी खेळत्या भांडवलाबद्दल साधा प्रश्न विचारते तेव्हा डोळे खाली जातात. त्या क्षणी ती पदवी असल्यापेक्षा नसलेली बरी वाटते, कारण नसती तर मी तो प्रश्न विचारलाच नसता. घरातल्यांशी आधी बोला. दोन वर्षं शनिवार-रविवार कोण काय सांभाळणार हे ठरवून घ्या. नवऱ्याने किंवा बायकोने मान डोलावणं पुरेसं नाही. मुलाला क्लासला कोण सोडणार इथपर्यंत ठरलं पाहिजे.

त्या रविवारी क्वालिटी इंजिनिअरला मी लॅपटॉपसमोर बसवलं. अर्ध्या तासाने 'मॅनेजमेंट'चं 'सप्लाय चेन' झालं, आणखी थोड्या वेळाने 'प्रॉडक्शन प्लॅनिंग' झालं. रिजेक्शनमुळे डिस्पॅच अडकतो तेव्हा पीपीसीवाले, म्हणजे प्लॅनिंग विभागातले लोक, काय धावपळ करतात ते तो रोज बघतो, आणि आपण ते अधिक नीट केलं असतं असं त्याला वाटतं. हे त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं. आम्ही जाहिराती उघडल्या. बहुतेकींनी सॅपवर काम केल्याचा आणि प्लॅनिंगचा दोन-तीन वर्षांचा अनुभव मागितला होता. एमबीए काहींत होतं, 'प्राधान्य' या शब्दासह. वहीचं पान भरलं तसा त्याचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू मोकळा झाला.

"म्हणजे सॅप आणि प्लॅनिंगचा अनुभव आधी," तो म्हणाला.

"तो तुझ्या कंपनीत, तुझ्या टेबलापासून किती लांब आहे?"

"एक शेड सोडून."

त्याने पाच हजार भरले नाहीत. सोमवारी पीपीसीच्या मॅनेजरला भेटून त्यांच्या बुधवारच्या शॉर्टेज मीटिंगला बसू द्याल का असं विचारलं. त्यांनी होकार दिला, आणि रिजेक्शनमुळे कुठल्या पार्टचा साठा किती दिवस अडकतो याची दर आठवड्याची शीट तूच कर म्हणून कामही दिलं. काउन्सेलरचे फोन त्याला अजून येतात, सूट आता वीस टक्क्यांवर गेली आहे. जानेवारीच्या सत्राला बघू, असं त्याने मला कळवलं आहे. तोपर्यंत त्याच्या शीटचे सोळा आठवडे झालेले असतील.